बाजार एकाच्या हाती गेला म्हणजे



वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाची असे ठरले, तेव्हा प्रत्येकीने एकेक विषय घ्यावा असे आपल्या अध्यक्षाबाईंनी सांगितले. कोणी पाककृती घेतल्या, कोणी आजीबाईचा बटवा घेतला. माझ्या वाट्याला इतिहास आला. मी आधी नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि शाळेत शिकलेला इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या. पण घरी आल्यावर विचार केला, की आपल्या घरांची रोजची लढाई कोणाशी असते? ती बाजाराशी असते. चाळीतला कांदा विकायचा तो बाजारात, आणि त्या पैशातून तेल, साखर, वह्यापुस्तके आणायची तीही बाजारातून. विकताना भाव दुसऱ्याने ठरवायचा आणि घेतानाही दुसऱ्यानेच ठरवायचा, हे असे का, आणि कधीपासून? तेव्हा बाजाराचाच इतिहास लिहावा असे ठरविले. मुलीने वाचनालयातून पुस्तके आणून दिली, काही गोष्टी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या, त्या सर्वांचा मेळ घालून हे लिहीत आहे.

प्रथम एक साधी गोष्ट. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या वस्तीजवळ एकच गिरणी होती. गिरणीवाला दळणाचा भाव सांगेल तो द्यावा लागे, पीठ जाडेभरडे आले तरी घ्यावे लागे, आणि "आज नाही, उद्या या" म्हटले की मुकाट्याने परत यावे लागे. पुढे दुसरी गिरणी निघाली. तोच गिरणीवाला, तीच जाती, पण आता "काकू, बसा, लगेच दळून देतो" असे म्हणू लागला. माणूस बदलला नव्हता, त्याच्यासमोर दुसरी गिरणी आली होती, एवढाच काय तो फरक. एकाच्या हाती सगळा व्यवहार असणे याला मक्तेदारी म्हणतात. विकणारा एकटा असला म्हणजे घेणारा नाडला जातो, आणि विकत घेणारा एकटा असला म्हणजे पिकविणारा नाडला जातो. आपण शेतकऱ्याच्या बायका दोन्ही बाजूंनी त्यात सापडतो.

ही मक्तेदारी आजची नाही. ज्या इंग्रजांनी आपल्यावर दीडशे वर्षे राज्य केले ते प्रथम आले ते एका कंपनीच्या रूपाने. १६०० साली त्यांच्या राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली, की पूर्वेकडचा व्यापार इंग्रजांपैकी हिनेच करावयाचा, दुसऱ्या कोणी करावयाचा नाही. पुढे त्यांच्याच देशातल्या इतर व्यापाऱ्यांनी ओरड केली, म्हणून १८१३ साली हिंदुस्थानच्या व्यापाराचा तिचा मक्ता काढून घेतला. फक्त चहाचा आणि चीनचा व्यापार तिच्याकडे राहिला, तोही १८३३ साली गेला. पण मक्त्याची सवय सरकारला लागली ती लागलीच. मिठासारखी वस्तू समुद्राकाठी उन्हाने आपोआप तयार होते, तीही सरकारच्या परवान्यावाचून करावयाची नाही असा कायदा होता. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचलले, आणि त्याच साली आपल्या कोकणात शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला. मिठासाठी बायका तुरुंगात गेल्या हे शाळेत वाचले होते, पण ते एका मक्तेदारीविरुद्धचेच भांडण होते हे आता कळले.

हे झाले मोठ्यांचे. गावात मक्तेदारी होती ती सावकाराची. शेतसारा रोख भरावा लागे, रोख पैसा सावकाराकडे असे, आणि पीक निघाले की तेही त्यालाच घालावे लागे. म्हणजे कर्ज देणारा तोच, माल घेणारा तोच, आणि हिशेबाची वही लिहिणारा तोच. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले तेव्हा आपल्याकडच्या कापसाला भाव चढला आणि लोकांना कर्जेही भरपूर मिळाली. युद्ध थांबले, भाव कोसळला, कर्ज मात्र जागच्या जागी. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची घरेदुकाने घेरली. तेथून तो दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरला. पुस्तकात वाचून मला नवल वाटले ते असे, की माणसे मारण्याकडे लोकांचा रोख नव्हता. त्यांना हवी होती कर्जखते. ती बाहेर काढावयाची आणि जाळावयाची. आपले मरण त्या कागदात आहे एवढे त्या निरक्षर माणसांनी ओळखले होते. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा केला. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला, त्यातही शेतकऱ्याच्या अज्ञानावर कोणकोण कसे जगते हेच मांडले आहे.

पण सावकार आवरला म्हणजे बाजार सुधारला असे होत नाही. माल विकावयाचा प्रश्न राहतोच. आमच्या घरातल्या जुन्या गोष्टी यापुढे उपयोगी पडतात.

माझ्या आजेसासूबाई मी सासरी आले तेव्हा हयात होत्या. नव्वदीच्या घरात होत्या, पण आठवण पक्की. त्या सांगत, की त्यांच्या लहानपणी दुकानदाराकडे दोन पायल्या असत. "घ्यायची पायली येगळी न् द्यायची येगळी. आपली बाजरी मापून घेताना मोठी काढायचा, मिरच्या-डाळ देताना बारकी." शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक ही मापे नावाला सगळीकडे एक, पण एका गावचा मण दुसऱ्या गावच्या मणाशी जुळत नसे. भाव ठरवण्याची रीतही अशीच झाकलेली. आडत्या आणि खरेदीदार एका रुमालाखाली हात घालीत आणि बोटे दाबून सौदा ठरवीत. या पद्धतीला हत्ता म्हणत. ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा, आणि आपल्या मालाचा काय भाव झाला ते त्याला शेवटी सांगणार. त्यातून मग आडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, नमुना अशी कापाकापी होऊन हातावर जे पडेल ते घ्यावयाचे.

हे सगळे ऐकून मी मनाशी एक हिशेब मांडला, तो या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. बाजेला जसे चार पाय लागतात तसे खऱ्या बाजारालाही चार पाय लागतात. भाव उघड्यावर ठरला पाहिजे, माप खरे पाहिजे, पैसा वेळेवर हाती पडला पाहिजे, आणि घेणारे एकापेक्षा अधिक पाहिजेत, तेही एकमेकांशी संगनमत न केलेले. यातला एक पाय जरी मोडला तरी बाज कलंडते. गेल्या दीडशे वर्षांत आपल्या मुलखात हे पाय एकेक करून बसविण्याचे काम झाले, तो खरा बाजाराचा इतिहास.

सुरुवात वऱ्हाडात झाली. १८८६ साली कारंजा येथे, म्हणजे आजच्या वाशिम जिल्ह्यात, कापसाचा नियमांनी चालणारा पहिला बाजार झाला. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच आला. त्यात इंग्रजांचा स्वार्थ होता, त्यांच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता. पण बाजाराची जागा ठरलेली, तेथे कमिटीची देखरेख, आणि मापाडी व दलाल परवान्याचे, ही कल्पना तेथून पुढे आली. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजाराचा कायदा झाला. शेतीची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १९२८ साली अहवाल दिला, त्यातही असे नियमित बाजार सर्वत्र व्हावेत असे सांगितले. मग १९३९ साली मुंबई सरकारने सर्व शेतमालासाठी कायदा केला. आपल्या जिल्ह्यात लासलगावची बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली. ज्या साली देश स्वतंत्र झाला त्याच साली कांद्याच्या बाजाराला नियम आला, हे मला फार आवडते.

माझ्या सासऱ्यांना आम्ही नाना म्हणतो. ते लहान असताना आपल्या वडिलांबरोबर बैलगाडीतून लासलगावला जात. रात्री निघायचे, भावडबारी ओलांडून चांदवडकडे उतरायचे, वाटेत भाकरी सोडायची. नाना सांगतात, "पहिल्यांदा लिलाव ऐकला तेव्हा बापाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. सगळ्यांच्या देखत आपल्या मालाचा भाव वरवर चढतोय, हे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं." रुमाल सुटला आणि भाव उघड्यावर आला, तो पहिला पाय बसला.

दुसरा पाय मापाचा. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. १९५७ साली नवे पैसे आले, १९५८ पासून किलो आणि ग्रॅम येऊ लागले आणि १९६२ पर्यंत जुनी वजने कायद्याने मागे पडली. आजेसासूबाई सांगत, की सुरुवातीला बायका फार गोंधळल्या. शेराचे किलो होताना दुकानदाराने चार पैसे मारलेच. पण एकदा सवय झाल्यावर देवळ्याचा किलो आणि मुंबईचा किलो एकच झाला. दोन पायल्यांचा खेळ संपला. आज आपण ज्या काट्यावर भाजी घेतो त्या काट्याची वेळोवेळी सरकारी तपासणी होऊन त्यावर शिक्का पडावा लागतो. तो शिक्का पाहण्याचा आपल्याला हक्क आहे, हे किती जणींना ठाऊक आहे?

पुढे १९६३ साली महाराष्ट्राचा स्वतःचा बाजार समिती कायदा झाला आणि १९६७ पासून तो चालू झाला. शेतकऱ्यांचे प्रतिनिधी, व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी, हमाल-तोलाऱ्यांचा प्रतिनिधी अशी समिती, लिलाव उघडा, आणि मालाचे पैसे विक्रीच्या दिवशीच द्यावयाचे असा नियम. आपला देवळा तालुका १९९९ साली कळवणातून वेगळा झाला. आज तालुक्यात देवळ्याला आणि उमराण्याला बाजार समित्या आहेत, रात्रभर बैलगाडी हाकण्याची गरज उरली नाही. कागदावर पाहिले तर बाजेचे चारही पाय बसले.

आता कागदावरचे आणि घरातले यांत फरक कसा पडतो ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझी मोठी मुलगी बारावी झाली आणि तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फीसाठी म्हणून चाळीतला उन्हाळी कांदा काढला. ट्रॉलीत बावीस क्विंटल माल होता. आमच्या घरचे एका बाजारात घेऊन गेले, मीही प्रथमच बरोबर गेले. लिलावात क्विंटलला ११५० रुपये भाव पुकारला. मी मनात फीचा हिशेब मांडला. मग ट्रॉली त्या व्यापाऱ्याच्या खळ्यावर नेली. अर्धी ट्रॉली खाली झाल्यावर त्याचा माणूस म्हणाला, "वरचा माल येगळा, खालचा येगळा. वांधा आहे. हजाराने देत असाल तर खाली करा, नाहीतर भरून न्या." जमिनीवर पडलेला कांदा पुन्हा कोण भरणार? ट्रॅक्टरचे भाडे चालू, दिवस मावळायला आलेला, आणि दुसरा कोणी व्यापारी वांध्याचा माल घेणार नाही. आमच्या घरच्यांनी मान हलविली. क्विंटलमागे दीडशे म्हणजे ३३०० रुपये उभ्या उभ्या गेले. उरलेल्या रकमेचा चेक मिळाला. तो बँकेत टाकला, परत आला. पुन्हा टाकला, पुन्हा परत आला. मुलीच्या फीसाठी मी माझ्या पाटल्या गहाण टाकल्या. पैसे आले ते सात महिन्यांनी, तुकड्या-तुकड्यांनी, आणि तेही समितीकडे चार अर्ज आणि कैक खेपा घातल्यावर.

त्या व्यापाऱ्याचे नाव मी लिहीत नाही, ते लिहिणे या लेखाचे काम नव्हे. सगळे व्यापारी असे असतात असेही माझे म्हणणे नाही. दुष्काळात बियाण्याला उसने पैसे देऊन सहा महिने तोंडातून शब्द न काढणारा व्यापारीही आम्ही पाहिला आहे. पण त्या दिवशी मला कळले, की उघडा लिलाव आणि शिक्क्याचा काटा असूनही शेतकरी का नाडतो. रुमाल लिलावाच्या ओट्यावरून गेला, पण तो खळ्यावर जाऊन पसरला होता. चौथा पाय, म्हणजे खरेदीदारांची खरी चढाओढ, तोच डगमगत होता.

हे माझ्या एकटीचे गाऱ्हाणे आहे असे मला वाटे. पण डिसेंबर २०१० मध्ये कांद्याचे भाव शहरात एकाएकी भडकले, तेव्हा देशातल्या स्पर्धा आयोगाने त्यात लक्ष घातले. २०१२ साली बंगळूरच्या एका अभ्यास-संस्थेने या आयोगासाठी कांदा बाजाराचा अभ्यास केला, त्यात आपल्या जिल्ह्यातले बाजारही होते. त्यात आढळले ते आपण रोज पाहतो तेच. खरेदी थोड्या मोठ्या व्यापाऱ्यांच्या हाती, आडत्या तोच, गोदाम त्याचेच, परदेशी माल पाठविणाराही तोच, आणि नव्या माणसाने त्यात शिरणे कठीण. भाव शहरात चढला तरी पिकविणाऱ्याला त्यातले थोडेच मिळते आणि खाणारी बाई महागात खाते. म्हणजे मुंबईची गृहिणी आणि देवळ्याची शेतकरीण एकाच दोरीच्या दोन टोकांना बांधलेल्या आहेत.

थोड्या हातांत बाजार असला म्हणजे तो बंदही करता येतो. जुलै २०१६ मध्ये सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकण्याची मोकळीक दिली आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले, तेव्हा आपल्या जिल्ह्यात बरेच दिवस लिलाव बंद राहिले. २०२३ साली ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के कर बसविला, तेव्हा लिलाव थांबले. सप्टेंबरच्या २० तारखेपासून व्यापाऱ्यांनी आपल्या मागण्यांसाठी पुन्हा जवळजवळ दोन आठवडे बंद ठेवला. व्यापाऱ्यांचे भांडण सरकारशी, पण कांदा सडला तो आपल्या चाळीत. आणि सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद केली, ती मे २०२४ पर्यंत, तेव्हाही बाहेरचे खरेदीदार तुटले आणि तोटा आपल्याच पदरी आला. दार कोणीही लावो, आत कोंडला जातो तो माल पिकविणारा.

म्हणून सगळे सरकारच्याच हाती दिले म्हणजे झाले, असेही म्हणता येत नाही. महाराष्ट्राने १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी चालविली. हेतू चांगला होता, व्यापाऱ्यांच्या तावडीतून शेतकरी सुटावा. पहिल्या काळात त्याचा आधारही वाटला. पण नंतर पैसे मिळायला उशीर, रांगा, आणि शेजारच्या राज्यात भाव चांगला असला तरी सीमेपलीकडे कापूस नेता येत नाही, अशी दशा झाली. शेवटी २००२ च्या सुमारास तो मक्ता सैल करावा लागला. मक्ता सावकाराचा असो, कंपनीचा असो वा सरकारचा असो, दुसरे दार उघडे नसले की त्याला माज येतोच.

मग यावर उपाय तो काय? येथे एका परदेशी बाईची गोष्ट सांगते. अमेरिकेत ईडा टार्बेल नावाची एक लेखिका होऊन गेली. तिचे वडील खनिज तेलाच्या धंद्यात लहान उद्योजक होते. १८७२ साली मोठ्या कारखानदारांनी रेल्वे कंपन्यांशी गुप्त ठराव केला, की आमच्या तेलाला भाडे कमी घ्या आणि इतरांच्या तेलाला जास्त. ते उघडकीस येऊन ठराव मोडला, पण तिच्या गावातल्या लहान उद्योजकांचे हाल तिने पोरवयात पाहिले होते. मोठेपणी तिने स्टँडर्ड ऑइल या बलाढ्य कंपनीचे जुने दस्तऐवज, खटल्यांचे कागद आणि साक्षी शोधून काढल्या आणि मासिकात लेखमाला लिहिली. १९०४ साली तिचे पुस्तक निघाले. १९११ साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कंपनी मोडून तिच्या ३४ कंपन्या केल्या. त्यासाठी १८९० चा कायदा होताच, पण कायदा नुसता असून भागत नाही, त्यापुढे कोणीतरी कागद नेऊन ठेवावे लागतात. सुप्याच्या लोकांनी कागद जाळले, हिने कागद जपले आणि वाचले. दोघांनाही कागदाचे महत्त्व कळले होते, पण जपलेला कागद अधिक कामी येतो असे मला वाटते.

आपल्या देशातही १९६९ साली मक्तेदारी रोखण्याचा कायदा झाला. त्याच्या जागी २००२ चा स्पर्धा कायदा आला आणि २००९ पासून स्पर्धा आयोग त्याप्रमाणे कारवाई करू लागला. आपल्या मुलांच्या हातातला जो मोबाईल असतो, त्या व्यवहारात आपल्या मोठेपणाचा गैरफायदा घेतला म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने गूगल कंपनीला १३३७ कोटी ७६ लाख रुपये दंड केला. कंपनी कितीही मोठी असली तरी तिला जाब विचारता येतो, एवढे यावरून दिसते.

आता आपल्या बायकांचा वाटा. १९७२ साली मुंबईत महागाई आणि टंचाईने घरे जेरीस आली, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या बायकांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली आणि हातात लाटणी घेऊन मोर्चे नेले. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. दहावीस घरांनी मिळून महिन्याचा किराणा एकत्र मागवावयाचा, एका घरी उतरवून वाटून घ्यावयाचा, अशी तिची साधी रीत. आणि आपल्या शेजारी चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन झाले. शरद जोशींच्या हाकेला लाखाच्या घरात बायका जमल्या. माझ्या सासूबाई ट्रॅक्टरमध्ये बसून गेल्या होत्या. त्या सांगतात, "घरी भाकरी कोण करेल म्हणून तुझे सासरे कुरकुरले. मी म्हटलं, कांदा निंदायला आम्ही, खुडायला आम्ही, चाळीत भरायला आम्ही. भाव का मिळत नाही ते ऐकायला आम्ही नको?" पुढे 'लक्ष्मीमुक्ती'च्या कार्यक्रमातून कितीतरी शेतकऱ्यांनी आपल्या बायकोच्या नावे जमीन केली. बाजारात सौदापट्टी कोणाच्या नावे निघते आणि पैसे कोणाच्या हाती पडतात, हा प्रश्नही तेव्हापासून बायका विचारू लागल्या.

आपल्या मंडळाचा अनुभवही लहानसाच पण असाच आहे. मागे दिवाळीला तेलाच्या डब्याचा भाव गावात तिन्ही ठिकाणी एकच सांगत होते. दुकाने तीन, भाव एक. आपण चाळीस घरांची यादी केली, मालेगावहून भाव मागविला आणि एक टेम्पो माल उतरविला. कोणाशी भांडण केले नाही, कोणाला शिवी दिली नाही. पुढच्या महिन्यात गावातल्या दुकानांतच भाव खाली आला. दुसरी गिरणी निघाल्यावर जे झाले तेच येथे झाले, फक्त या वेळी दुसरी गिरणी आपण स्वतः झालो.

तेव्हा माझी तीन मागणी आहेत. पहिली, माल विकल्यावर सौदापट्टी आणि काटापट्टी घरी आली की ती देवघरातल्या पोथीसारखी जपून ठेवा आणि वाचा. पुकारलेला भाव आणि मिळालेला भाव यांत फरक असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या. माझे पैसे परत आले ते त्या चार अर्जांमुळे. दुसरी, बाजार समितीत दोन जागा बायकांसाठी राखीव असतात. त्या जागांवर नवऱ्याची सही पुढे करणारी नव्हे, तर खळ्यावर जाऊन वांधा का झाला ते विचारणारी बाई बसावी. तिसरी, एकत्र खरेदी दिवाळीपुरती न ठेवता वर्षभर चालवावी, आणि जमल्यास मंडळातल्या शेतकरणींनी कांदाही एकत्र विकून पाहावा. एकटी ट्रॉली वांध्याला घाबरते. दहा ट्रॉल्या एकत्र उभ्या राहिल्या तर बहुधा घाबरावयाचे दुसऱ्यांना लागेल.

माझ्या पाटल्या अजून पतपेढीतून सुटावयाच्या आहेत. मुलगी मात्र शिकून नोकरीला लागली. पहिल्या पगारातून ती सोडविते म्हणाली, मी नको म्हटले. येत्या उन्हाळी कांद्यातूनच त्या सोडवायच्या, आणि त्या वेळी खळ्यावर मी स्वतः उभी राहणार, असे ठरविले आहे.